दहिवर गोठायच्या आत

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री बॅटरीच्या उजेडात परसातला शेवटचा तोडा केला. टोमॅटोच्या पानांचा हिरवट-काळा डाग अजून बोटांवरून गेलेला नाही आणि तो वास मला धुऊन टाकावासाही वाटत नाही.

दुपारपासूनच धास्ती होती. आभाळ लख्ख आणि वारा पूर्ण पडलेला. अशीच रात्र घात करते. ढग असले की जमिनीची ऊब खाली धरून ठेवतात. आभाळ मोकळं असलं की ती भराभर निघून जाते. अंदाज २ अंशांचा होता, पण तो आकडा डोक्याएवढ्या उंचीवरच्या हवेचा. पानांशी पारा त्याहून खाली उतरतो, शिवाय गार हवा जड म्हणून सखल जागी साचते. माझा टोमॅटोचा वाफा नेमका उताराच्या पायथ्याशी आहे. गेल्या वर्षी ‘शून्याच्या वर आहे ना’ म्हणून झोपले आणि सकाळी सगळी झाडं उकडलेल्या पाल्यासारखी काळी होऊन लोंबत होती. फार रडू आलं होतं बाबा.

म्हणून यंदा काहीच मागे ठेवलं नाही. मिरच्या, वांगी, काकड्या, फरसबी आधी उतरवली. भोपळे चार बोटं देठ ठेवून कापले, कारण देठ मोडला की भोपळा तिथूनच सडायला लागतो. टोमॅटोला मात्र वेळ दिला. एकेक हातात घेऊन बॅटरीखाली त्याचं बूड बघायचं. तिथे जराशी गुलाबी झाक दिसली की तो पाडाला लागलेला, तो घरात नक्की पिकणार. अंगाने भरलेले, फिकट हिरवे निराळे ठेवले. गडद हिरवे टणक मात्र पिकत नाहीत, ते तसेच शिजवून संपवीन.

तुम्ही घालायचात तशीच अढी घातली आहे. खोक्यात कागद, त्यावर एकच थर, देठ काढलेले म्हणजे एकमेकांना टोचणार नाहीत. मधे एक पिकलेला ठेवला आहे, त्याच्या वासाने बाकीचे लागतात. खोकं पलंगाखाली आहे. पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागते. फ्रिजमध्ये ठेवले तर आहे ती चवही मरते. रोज एकदा उघडून बघायचं, डागी फळ लगेच काढायचं.

गाजरं मुद्दाम जमिनीत ठेवली. थंडी लागली की ती आपल्यातल्या पिष्टाची साखर करतात, त्या साखरेने त्यांचं गोठण्यापासून रक्षण होतं. सकाळी गवत पांढरं झालं होतं, पावलाखाली करकरत होतं. टोमॅटोची झाडं मान टाकून उभी होती. त्यांच्या शेजारीच एक गाजर उपटलं, बर्फासारखं गार होतं, तिथेच पुसून खाल्लं. इतकं गोड गाजर मी कधी खाल्लं नव्हतं.

फरसबीच्या बारा शेंगा वेलावरच वाळू दिल्या होत्या, त्याही काल आत आणल्या. दाणे आत खुळखुळतात, पण नख रुतवलं तर किंचित खूण उमटते. अजून किती दिवस वाळवू, आणि डब्यात भरताना राख घालू का नुसतेच ठेवू, ते रविवारी फोनवर सांगा. तोवर शेंगा फोडत नाही.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी