कॅमेरा माळ्यावर नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, आधी स्टुलावरून खाली उतरा. कॅमेरा माळ्यावर नाही, ट्रंकेतही नाही. तो इथे, स्टुटगार्टला, माझ्याकडे आहे. मे महिन्यात निघताना आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून आणला. तुम्ही आईवर "भंगारवाल्याला दिलास" म्हणून चिडलात, हे ताईकडून कळलं आणि फोन लावायचा धीरच होईना. आई, तुझी आधी माफी मागते.

विचारलं असतं तर "राहू दे, आता कोण फोटो काढतंय" म्हणाला असतात. पण अजून एक पावसाळा त्या कपाटात काढला असता तर भिंगाचं काही खरं नव्हतं. आत बुरशी धरली होती. शटरमधलं तेल घट्ट होऊन पाती अर्ध्यावर अडकत होती. इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने नोवार भिंग उघडलं, त्याच्या तिन्ही काचा पुसल्या, शटर धुतलं. आपला नेटार म्हणजे झाइस इकॉन या जर्मन कंपनीचा साधा, परवडणारा कॅमेरा. त्यांचा महागडा तो इकॉन्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीचं मूळ शहर ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत राहिलं आणि पश्चिम जर्मनीतला कारभार याच शहरातून, स्टुटगार्टमधून, चालला. १९७२ मध्ये त्यांनी कॅमेरे करणंच सोडलं. थोडक्यात, तो माहेरपणाला आलाय असं समजा.

आता खरं सांगते. भिंगामागच्या घड्यांच्या भात्याच्या कोपऱ्यात टाचणीएवढं भोक होतं. ते मी पाडलं, चौथीत, कर्कटकाने. आत काय आहे ते बघायला. ताईच्या साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी तो पांढरा डाग आला, तुम्ही स्टुडिओवाल्याशी भांडून दुकान बदललंत, आणि मी वरणभात खात गप्प बसले. भोक आता बुजवलंय. बाकी भाता अजून ठणठणीत.

परवा एक रोल घातला. बाराच फोटो, त्यामुळे तुमच्यासारखाच श्वास रोखून काढले. नेकार नदीच्या काठचे पाच बरे आलेत, सोबत ठेवलेत. तीन धूसर आहेत. अंतर डोळ्यांनी मापलं ना मी! अंतर मोजायची तुमची गाठी मारलेली दोरी कुठे होती? एक टोक आईच्या पदराशी, दुसरं तुमच्या हातात, आणि मी मधूनच त्या दोरीखालून पळायची.

कॅमेरा कुरिअरने पाठवणार नाही, डिसेंबरात स्वतः घेऊन येईन. तोवर रागवा हवं तर, पण बीपीची गोळी चुकवू नका. न्हाणीघरात दांडी लावायला माणूस रविवारी येईल, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. गरज आहे म्हणून नाही, मला झोप लागते म्हणून. आई, बाबांना पापड एकच. आणि तुझ्या गुडघ्याचा पट्टा कपाटात शोभेला ठेवलायस, तो वापर.

हो, बाबा, कॅमेरा हातात आला की झटकन उघडू नका. भाता हवा ओढतो आणि फिल्म पुढे फुगते. सावकाश उघडायचा, मग फिल्म गुंडाळायची. तुम्हीच शिकवलंय, तरी सांगते. मोतीबिंदू काढल्यापासून तो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतला फोटोचा आकडा नीट दिसेल तुम्हाला.

आई, ती दोरी शिवणाच्या डब्यात आहे का बघ. नसली तर राहू दे. माळ्यावर कुणीही चढायचं नाही.

तुमची,
छोटी