हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या दादांना

प्रिय दादा,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, पॅसेजमधल्या एक्स्टेंडरचा, म्हणजे राउटरचं वायफाय पुढे पोचवणाऱ्या त्या डबीचा, दिवा अजून हिरवाच आहे. त्या दिवशी तुम्ही वरच्या मजल्यावरच्या कामासाठी आला होतात आणि मी तुम्हाला जिन्यात गाठलं. आमचं घर तुमच्या यादीत नव्हतं. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर यादीबाहेरचं काम केलं म्हणून तुम्हालाच कोणीतरी बोलायचं.

आमची अडचण तुम्ही पाहिलीच. यांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून यांचा मुक्काम आतल्या खोलीत आणि राउटर बाहेरच्या. फिजिओथेरपिस्ट बाई व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेतात. "उजवा पाय वर, आता धरून ठेवा" एवढं बोलून बाई पडद्यावर गोठायच्या आणि हे बिचारे पाय हवेत धरून पुढच्या हुकमाची वाट बघत राहायचे. मी दारातून ओरडायची, "अहो, ठेवा खाली, नेट गेलंय!" आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होते. जुना राउटर होता तोवर हाच एक्स्टेंडर नीट चालायचा, नवा बसल्यापासून जोडलाच जात नाही. वायफायचं नाव तेच ठेवलंय, पासवर्ड तोच आहे आणि त्याच पासवर्डवर घरातले फोन व्यवस्थित चालतायत. यात न समजण्यासारखं काय आहे? पण हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पासवर्ड चुकतोय." पुन्हा फोन केला तर दुसरा मुलगा आणि तेच पालुपद. राउटरवाल्यांनी सांगितलं, एक्स्टेंडर आमचा नाही. एक्स्टेंडरवाल्यांनी सांगितलं, यंत्र ठीक आहे, राउटरवाल्यांना विचारा. या टोलवाटोलवीत चेंडू मीच. मग आमचे एक नातलग आले (वाचत असतील तर ओळखतील स्वतःला). त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, टाचणीने रीसेटचं भोक दाबून होतं नव्हतं ते सेटिंगही पुसून टाकलं आणि जाताना म्हणाले, "काकू, हे तुमच्या वयाचं काम नाही. नवीन घेऊन टाका."

तुम्ही यंत्राला हात लावण्याआधी माझं सगळं बोलणं ऐकलंत. मध्ये एकदाही "हो हो, कळलं" म्हणाला नाहीत. मग एक्स्टेंडर उचलून थेट राउटरशेजारी लावलात. "आधी अंतराचं काय ते कळू दे." हातभर अंतरावरही दिवा लालच! म्हणजे इतके दिवस ज्या भिंतींना सगळे दोष देत होते त्या सुटल्या निर्दोष. त्यानंतर तुम्ही जे म्हणालात ते मी यांना आत जाऊन शब्दशः सांगितलं: "काकू, तुमचा पासवर्ड बरोबरच आहे. तुम्ही सांगताय तसंच झालंय."

कारण निघालं ते असं. नवा राउटर बसवणाऱ्याने सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए-३, म्हणजे वायफायला कुलूप लावायची नवी पद्धत, चालू ठेवलं होतं. ही पद्धत आली २०१८ मध्ये. आमचा एक्स्टेंडर जुना, त्याला २००४ पासून चालत आलेली जुनी पद्धत, डब्ल्यूपीए-२, तेवढी येते. पासवर्ड दोघांकडे एकच, पण तो पटवून घ्यायची रीत वेगळी, म्हणून दारातच अडायचं. फोन नवे, त्यांना दोन्ही येतं, त्यामुळे त्यांना काही फरक पडला नाही. आणि हेल्पलाइनवाले मला सारखं ते पासवर्ड न टाकता यंत्रं जोडणारं डब्ल्यूपीएसचं बटण दाबायला लावत होते ना, "दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसरं दाबा", ते डब्ल्यूपीए-३ वर चालतच नाही म्हणे! मी किती जोर लावून दाबायची ते बटण. राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालतील असं मिश्र सेटिंग केलं की काम होणार होतं. कुठे जायचं, काय निवडायचं ते तुम्ही सांगत गेलात, ते सगळं इथे लिहीत बसत नाही.

लिहायचंय ते पुढचं. एक्स्टेंडर नव्याने बसवायचा म्हणजे आधी फोन त्याच्या स्वतःच्या वायफायला जोडायचा. फोन लगेच कुरकुरायला लागला, इथे इंटरनेट नाही, आणि आपल्या मनानेच मोबाइल डेटावर उडी मारून मोकळा. मी सवयीने फोन तुमच्यापुढे धरला. तुम्ही घेतला नाहीत. दोन्ही हात मागे नेऊन एकात एक अडकवलेत आणि म्हणालात, "तुमच्याच हातात राहू द्या. डेटा बंद करा आणि परत जोडा." मी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक ॲट, शेवटी आकडे. तो ॲट कीबोर्डच्या कुठल्या पानावर दडून बसतो देव जाणे. मी एका बोटाने टाइप करते, दादा. तुमच्या खिशात फोन दोनदा थरथरला, वरचे लोक खोळंबले असणार. तुम्ही तो कापला आणि खिडकीबाहेर बघत राहिलात. माझ्या बोटाकडेसुद्धा पाहिलं नाहीत! कोणी टक लावून पाहत असलं की बोट आणखी थबकतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

दिवा हिरवा झाला तेव्हा तुम्ही "झालं" म्हणाला नाहीत, "जमलं तुम्हाला" म्हणालात. आत जाऊन मी यांच्यासमोर जरा मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

मदत करणारे पुष्कळ असतात हो. पण बऱ्याच जणांच्या मदतीत आपल्याला बाजूला सारणं असतंच. काम होतं आणि आपण होतो त्याहून थोडे अडाणी होऊन उरतो. साठी उलटली की हे रोजचं होतं. बँकेत, दवाखान्यात, घरात, सगळीकडे "द्या इकडे, मी करतो". त्यात प्रेम नसतं असं मी म्हणत नाही, पण घाई फार असते. तुम्हाला तर खरी घाई होती, तरी तुम्ही ती माझ्यावर लादली नाहीत. दुसऱ्याचा वेळ स्वतःच्या वेळेइतकाच मोलाचा धरणारी माणसं अजून आहेत आणि ती शिडी खांद्यावर टाकून जिने चढत-उतरत असतात.

आणखी एक. तुम्ही गोड बोलून फसवलं नाहीत. विकताना आम्हाला सांगितलं होतं, घरभर सारखाच स्पीड मिळेल. तुम्ही स्पष्ट म्हणालात, असले साधे एक्स्टेंडर राउटरशी आणि फोनशी एकाच बँडवर (लहरींच्या एकाच पट्ट्यावर) आळीपाळीने बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. व्हिडिओ कॉलला तेवढा पुरेल. आतल्या खोलीत, जिथे रेंजच पोचत नाही, तिथे तो लावून उपयोग नाही हेही समजावलंत. निरोप्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही तर तो पुढे काय सांगणार! म्हणून तो आता पॅसेजमध्ये, मधोमध. शिवाय पुढेमागे एक्स्टेंडर बदललात तर राउटर पुन्हा नुसत्या डब्ल्यूपीए-३ वर न्या, हेही बजावलंत. ते मी कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवलंय.

बाई आता गोठत नाहीत. उलट यांचीच तक्रार आहे, पूर्वी मध्येमध्ये विश्रांती मिळायची.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते मला अजून पटलेलं नाही. पुन्हा या बाजूला आलात तर बेल वाजवा. प्रिंटरही अलीकडे वायफायवर दिसेनासा झालाय. तो मात्र तुम्ही खुशाल स्वतः हात घालून दुरुस्त करा, माझा अजिबात आग्रह नाही.

कळावे,
दुसऱ्या मजल्यावरच्या काकू