कर्ण्याला नोटीस, भाषणाला मोकळीक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षं मी सभांना माइक लावतो. पेठेतल्या गणपतीपासून बिंदू चौकातल्या प्रचारसभेपर्यंत सगळं करून झालंय. रात्री दहावर पाच मिनिटं गेली की पोलीस हजर, आणि नोटीस माझ्या नावावर. २००० सालापासूनचा नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या वर्षी एका सभेत स्टेजमागं मिक्सरवर बसलो होतो. वक्ता बाहेरगावचा. अर्धा तास पाणी, रस्ते, महागाई. लोक जांभया देत होते. मग आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, ‘‘कुठली दुकानं, ते तुम्हाला सांगायला पाहिजे का?’’ नाव एकही घेतलं नाही. क्षणभर शांतता, मग शिट्ट्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. संयोजक मला खुणावत होता, आवाज वाढव म्हणून. मी वाढवला. ती माझी चूक.

त्या रात्री काही घडलं नाही. पण ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात लाठीमार, अश्रुधूर आणि मग इंटरनेट बंद, हे आपण पाहिलंय. कोल्हापूर पेटायला किती पुरतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

कडवट बोलणं हा गुन्हा नाही, नसावाच. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दोन सरकारी नोकरांनी दिलेल्या खलिस्तानच्या घोषणांवर कुणीच उसळलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये त्या दोघांना सोडलं. बरोबरच केलं. नाहीतर उद्या पाणीपट्टीच्या मोर्चाला माइक द्यायलाही मी घाबरेन. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात त्याच न्यायालयानं चर्चा, एखाद्या मताचा प्रचार आणि चिथावणी यांतला फरक सांगितलाय. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं, की कायदा आडवा येऊ शकतो.

कायदा तर आहेच. धर्म-जातीवरून वैर पसरवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं. घोडं अडतं ते पुढं. खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मुळं सरकारची मंजुरी आल्याशिवाय कोर्टाला अशा गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. बोलणारा आणि मंजुरी देणारे एकाच पंगतीतले असले, तर ती फाइल कधी हलायची?

जिल्ह्यात असे किती गुन्हे मंजुरीसाठी अडलेत, ही माहिती आपल्या बातमीदारानं माहितीच्या अधिकारात मागवून छापावी, ही विनंती. माझ्या दोन नोटिसांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. त्यांना कुणाची मंजुरी लागली नव्हती.

आपला,
एक माइकवाला, कोल्हापूर