संशोधनाचा डेटा ठेवायचा कुठे? केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी एका संशोधन संस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. त्यात चिकटपट्टीवर बॉलपेनने विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ष लिहिलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क रचून ठेवलेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांतली एक जोडली, तर ती नुसतीच टकटक करत राहिली. विद्यार्थी केव्हाच परदेशी गेलेला आणि दुसरी प्रत कोणाकडेच नाही. ज्या उपकरणाने तो डेटा दिला, त्याची निविदा, देखभाल करार आणि लेखापरीक्षण यथासांग झाले होते. डेटा कुठे राहणार, हा रकाना मात्र प्रस्तावात नव्हताच.

खोडदची जीएमआरटी दुर्बीण किंवा औंढा नागनाथची गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा अशा मोठ्या प्रकल्पांच्या आराखड्यात डेटाचा विचार आधीपासून असतो. माझे म्हणणे विद्यापीठांतल्या लहान प्रयोगशाळांविषयी आहे.

त्यांच्यासाठी 'सेफ' (Ceph) ही मुक्त-स्रोत वितरित साठवण प्रणाली उपलब्ध आहे. सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा ती अनेक वर्षे वापरत आहे. तीत फाइलचे आठ तुकडे आणि त्यांवरून गणिताने काढलेले तीन जादा तुकडे अकरा वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवता येतात, आणि कोणतेही तीन सर्व्हर निकामी झाले तरी उरलेल्या आठांवरून मूळ फाइल पुन्हा बांधता येते. पूर्ण तीन प्रती ठेवल्यास १०० टेराबाइटला ३०० टेराबाइट जागा लागते. या पद्धतीत सुमारे १३८ पुरते. एखादी डिस्क गेली म्हणून रात्री दोनला कोणाला धावत यावे लागत नाही. (नेटवर्कचा स्विच गेला तर यावे लागते, पण ते दुखणे निराळे.)

मात्र हा बॅकअप नव्हे. डिसेंबर २०२१मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे ७७ टेराबाइट डेटा बॅकअपच्याच सदोष स्क्रिप्टमुळे पुसला गेला. पुसण्याचा चुकीचा हुकूम वितरित प्रणालीही तितक्याच इमानाने पाळते. म्हणून दुसऱ्या शहरात स्वतंत्र क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा गट, हवा आणि तिथली प्रत काही दिवस कोणालाही पुसता येऊ नये. एकच क्लस्टर दोन शहरांत ताणू नये, कारण मग प्रत्येक नोंद दूरच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी खोळंबते. शहरे जोडायला राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क हे विद्यापीठे आणि संशोधन संस्था जोडणारे वेगवान जाळे आहेच.

चार-पाच विद्यापीठांत मिळून असा एक क्लस्टर उभारण्यास आपल्या मंत्रालयाने अनुदान द्यावे आणि तो चालवणाऱ्यांची पदे कायमस्वरूपी असावीत, अशी विनंती आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा मुलगा प्रणाली शिकतो आणि शिकला की खासगी कंपनीत जातो. त्याला दोष देता येत नाही. हे होईपर्यंत निदान प्रकल्प-प्रस्तावाच्या नमुन्यात डेटा-साठवणुकीचे स्वतंत्र खर्चशीर्ष यावे, आणि ते प्रकल्प संपल्यानंतरची दहा वर्षे धरून आखलेले असावे.

आपला नम्र,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे