रोमन सम्राटांची कादंबरी मी निम्म्यावर सोडत आहे

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, ऑगस्टस आणि टायबेरियस या रोमन सम्राटांवरची जी जाडजूड कादंबरी तुम्ही मला पाठवली होती, ती मी यापुढे वाचणार नाही. फोनवर तुम्ही आवर्जून "कुठवर आलीस?" असे विचारता, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मी त्यात अगदी रमले होते. ऑगस्टसने टायबेरियसला त्याच्या लाडक्या व्हिप्सानियाशी काडीमोड घ्यायला लावला आणि आपल्या मुलीशी, ज्युलियाशी, त्याचे लग्न लावून दिले. पुढे एकदा व्हिप्सानिया दिसली, तेव्हा तो डबडबल्या डोळ्यांनी तिच्या मागे पाहतच राहिला. त्यानंतर ती पुन्हा त्याच्या नजरेस पडू नये याची खबरदारी घेतली गेली. रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवलेला हा प्रसंग कादंबरीत फार हळुवारपणे उतरला आहे. आई, तुला तो नक्की आवडेल.

मात्र इ.स. २६ मध्ये टायबेरियस रोम सोडतो, कॅप्री बेटावर जाऊन राहतो आणि तिथून कादंबरीचा तोल सुटतो. पानामागून पान विकृत विलासाची वर्णने येतात, कड्यावरून समुद्रात लोटलेली माणसे येतात. यातला बहुतेक मजकूर त्याच स्वेटोनियसचा आहे आणि त्याने तो टायबेरियसच्या मृत्यूनंतर सुमारे ८० वर्षांनी लिहिला. लेखकाला कल्पनेचे स्वातंत्र्य आहेच, पण इथे ऐकीव गोष्टींनाच डोळ्यांनी पाहिलेल्याचा मान दिला आहे. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने शंभरावर वर्षांनी संभाजी महाराजांची जी प्रतिमा उभी केली, ती खोडून काढण्यासाठी वा. सी. बेंद्रे यांना किती वर्षे कागदपत्रे धुंडाळावी लागली, हे तुम्हीच मला सांगितले होते, बाबा. ते ऐकून वाढलेल्या मला ही पाने निमूटपणे उलटता येईनात.

टायबेरियस संत होता असे मी म्हणत नाही. राजद्रोहाचे खटले खरे आहेत, आणि इ.स. ३१ मध्ये त्याच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस याच्या पाडावानंतर झालेले हत्याकांडही खरे आहे. पण इ.स. १७ च्या भूकंपात आशिया मायनरमधील बारा शहरे उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्यांतल्या एकट्या सार्डिस शहराला एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) देऊन पाच वर्षांचा कर माफ करणारा सम्राट हाच. इ.स. ३३ मध्ये कर्जबाजारी जमीनदारांची घरे बुडू लागली, तेव्हा जमिनीच्या तारणावर तीन वर्षांसाठी दहा कोटी सेस्टर्स बिनव्याजी उपलब्ध करून देणाराही हाच. त्याच्या हाताखाली लढलेला वेलियस लिहितो की मोहिमेवर कोणी अधिकारी आजारी पडला, तर सेनापतीची स्वतःची गाडी, वैद्य, मुदपाकखाना, इतकेच काय, स्नानाचे साहित्यही त्याच्या दिमतीला असे. वेलियस स्तुतिपाठक होता, हे मान्य. तरी एवढा बारीकसारीक तपशील कादंबरीकाराच्या हाती असताना त्याने तो का टाकून द्यावा? दोन्ही बाजू एकाच माणसात कशा नांदल्या, हे वाचण्यासाठी मी पुस्तक उघडले होते.

सध्या मी रोमन इतिहासकार टॅसिटस वाचायला घेतला आहे. त्याचाही टायबेरियसवर राग आहे, पण भूकंपाची मदत आणि बिनव्याजी कर्ज या दोन्ही गोष्टी त्यानेच नोंदवून ठेवल्या आहेत.

पुस्तक दादाबरोबर परत पाठवते. आई, टायबेरियस ऱ्होड्स बेटावरून परततो तिथपर्यंत तू अवश्य वाच. बाबा, तुम्ही कॅप्रीची प्रकरणे वाचून पाहा आणि माझे म्हणणे पटत नसेल तर तसे स्पष्ट लिहा.

तुमची लेक