बाबांवर चिडू नकोस

अरे बाळा,

रविवारी तू फोनवर बाबांना जे बोललास ते मी ऐकलं, स्पीकर चालू होता. "केमो चालू असताना आईला रंकाळ्यावर फिरायला नेता, काही कळतं का तुम्हाला?" अरे ते नेत नाहीत, मीच त्यांना ओढून नेते.

तुझा जीव तुटतो ते कळतं रे मला. पण पहिल्या दोन केमोला मी तुझंच ऐकलं होतं ना, नुसती पडून राहिले, बारा-बारा तास झोपायचे आणि उठले की अंगात जीवच नाही, बाथरूमपर्यंत जायलासुद्धा भिंत धरायला लागायची. कामाचा शीण झोपेने जातो, हा थकवा नाही जात. उलट पडून पडून पायातली ताकद जाते आणि मग चार पावलांतच दम लागतो, की परत पडायचं. फिजिओ मॅडमनी हे समजावलं तेव्हा मला रडूच आलं, मला वाटत होतं मीच हिंमत सोडलीय.

सुरुवात केली ती दारापासून फाटकापर्यंत, 5 मिनिटं. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिते ना, त्याच चौकोनात मिनिटं लिहायला लागले. केमोनंतरच्या दोन-तीन दिवसांत तिथे 5 च दिसतील, एक दिवस शून्य पण आहे, उलट्या होत होत्या. काल 25 लिहिले! आठवड्यातून 3 दिवस 30 मिनिटं चालणं आणि 2 दिवस ताकदीचे व्यायाम, असं 2019 पासून जगभरचे यातले तज्ज्ञ सांगतात म्हणे. चालताना बोलता आलं पाहिजे एवढाच स्पीड.

आणि हाताचं. काखेतल्या गाठी काढल्यापासून जो भेटेल तो सांगतो त्या हाताने तांब्यापण उचलू नको, सूज येईल. मीपण घाबरून हात पोटाशी धरून बसायचे, त्याने खांदाच आखडला, वेणी घालता येईना (केस होते तेव्हाचं सांगतेय). 2009 मध्ये अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या 141 बायकांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांनी शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवत व्यायाम केला आणि त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा वाढली नाही. मी आता अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलते. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर नेते, पोचेल तिथे पेन्सिलने खूण करते. पहिली खूण स्विचबोर्डाच्या जरा वर आहे, आत्ताची कालनिर्णयच्या खिळ्याला टेकलीय. आलास की बघ.

मी उगीच शूरपणा करत नाही. ताप 100.4 झाला की व्यायाम बंद आणि सरळ हॉस्पिटल. प्लेटलेट कमी आल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतात त्या दिवसांत गर्दीत जात नाही, पहाटेच संध्यामठापर्यंत जाऊन येतो आम्ही. चक्कर आली तर बाबा आहेतच, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन मागे मागे चालत असतात बिचारे, आणि त्यांनाच तू बोललास. त्यांना एक फोन कर.

नवीन इंजेक्शनने तळव्यांना मुंग्या येतात, चपलेत पाय नीट कळत नाही, पडायची भीती वाटते. म्हणून येताना मिठाई नको आणू, बूट आण. 6 नंबर, पुढून रुंद, न घसरणारे.

तुझी आई