बैजिक भूमितीचे पुस्तक निवडून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी बैजिक भूमितीचे (बहुपदी समीकरणांनी ठरणारे वक्र आणि पृष्ठे यांच्या अभ्यासाचे) पाठ्यपुस्तक ठरवताना आपण जे साहाय्य केलेत, त्याबद्दल खासगीत आभार मानून समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

आपल्याआधी ज्या जाणत्यांकडे मी गेलो, त्यांच्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थ्यांची तयारी किती, हे न विचारताच ‘हार्टशोर्न लावा’ असे सांगून विषय मिटवला. एकांनी तर ‘ज्यांना झेपत नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये’ अशी पुस्तीही जोडली. हार्टशोर्न यांचे १९७७ सालचे ते पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. परंतु क्रमनिरपेक्ष बीजगणित (गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच राहते अशा रचनांचा अभ्यास) पक्के असल्याचे गृहीत धरणारे आणि विषयाचा मोठा भाग स्वाध्यायांवर सोपवणारे ते पुस्तक, रिंग (जिच्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतात अशी रचना) आणि आयडियल (बेरीज केली किंवा रिंगमधल्या कशानेही गुणले तरी आतच राहणारा तिचा भाग) यांची नुकतीच तोंडओळख झालेल्या मुलांच्या हाती देण्यात कसली आली गुणवत्तेची कसोटी?

आपण मात्र आधी विचारलेत, ‘मुलांनी एखादी क्वोशंट रिंग (आयडियलमधले घटक शून्य मानून मिळणारी रिंग) स्वतः मांडून पाहिली आहे का?’ मग शांकव आणि घन वक्रांपासून सुरुवात करून घन पृष्ठावरील २७ रेषांपर्यंत नेणारे माईल्स रीड यांचे पुस्तक वर्गासाठी, आणि फुल्टन यांचे वक्रांवरचे पुस्तक उदाहरणांसाठी, अशी वाटणी सुचवलीत. (रीड यांची शेवटच्या प्रकरणातली रोखठोक मते मुलांना आवडतील, हा आपला अंदाजही खरा ठरला.)

पण खरे उपकार आहेत ते त्यासोबत आलेल्या हस्तलिखित पानाचे. y = x² हा अन्वस्त आणि y = c ही रेषा घेऊन आपण c ला १, ० आणि −१ या किमती दिल्या होत्या: आधी दोन छेदनबिंदू, मग एकच, आणि मग वास्तव प्रतलात एकही नाही. मधल्या किमतीपाशी क्वोशंट रिंगची मिती (पायातल्या घटकांची संख्या) २ येते, हे १ आणि x हा पाया लिहून दाखवले होते, आणि समासात पेन्सिलीने टिपले होते, ‘इथे मुले म्हणतील, बिंदू तर एकच आहे. म्हणू द्या. लगेच दुरुस्त करू नका.’ बेझूच्या प्रमेयासाठी (सामाईक भाग नसलेल्या दोन वक्रांचे छेदनबिंदू त्यांच्या घातांच्या गुणाकाराइतके असतात, हे सांगणाऱ्या) संमिश्र संख्या आणि मल्टिप्लिसिटी (एक बिंदू किती वेळा मोजायचा ती संख्या) ही दोन्ही का लागतात, ते त्या एका पानावरून वर्गाला उमगले. आपल्या अधिकाराच्या व्यक्तीने इतके प्राथमिक उदाहरण, तेही परक्याच्या वर्गासाठी, हाताने सोडवून पाठवावे, हा सौजन्याचा प्रकार विद्वत्तेच्या बरोबरीने क्वचितच आढळतो. पुस्तकाचे नाव फेकून मोकळे होणे किती सोपे होते!

ग्रोबनर बेसिससाठी (आयडियल ठरवणारा, हिशेबाला सोयीचा बहुपदींचा संच) कॉक्स, लिटल आणि ओशे यांचे पुस्तक प्रकल्पापुरते ठेवले आहे. दुसऱ्या प्रकरणावर थांबावे की तिसऱ्यातल्या एलिमिनेशनपर्यंत (समीकरणांतून चल काढून टाकण्यापर्यंत) जावे, हे विचारायला लवकरच पुन्हा त्रास देणार आहे.

आपला कृतज्ञ,
एक शिक्षक